तागालोग की इलोकानो: शिकायला अवघड कोणती? मराठी माणसाला कुठे मिळते सूट?

फिलिपिन्समध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीय मुलांमध्ये महाराष्ट्रातली मुलंही असतात. वर्ग इंग्रजीत चालतात, पण रुग्ण इंग्रजीत कण्हत नाही. मनिलात तो तागालोग बोलतो. उत्तरेकडच्या बागियो शहरात किंवा इलोकोस भागात तोच संवाद इलोकानोत सुरू होतो. त्यामुळे 'दोन्हींपैकी सोपी कोणती' हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा राहत नाही.

तागालोग हा राष्ट्रभाषा 'फिलिपिनो'चा पाया. इलोकानो ही तागालोग आणि सेबुआनोनंतर देशातली तिसरी मोठी मातृभाषा. कूळ एकच, लिपीही रोमन. तरी एक भाषा येणाऱ्याला दुसरी ऐकून समजत नाही.

व्याकरणात फरक किती?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा प्रशिक्षण संस्था तागालोगला हिंदीच्याच गटात ठेवते. इंग्रजी भाषकाला साधारण ११०० तास लागतात, असा तिचा अंदाज. घाम फोडतं ते क्रियापद. वाक्यात भर कर्त्यावर आहे की वस्तूवर, यानुसार त्याचं रूप बदलतं. 'बुमिली' म्हणजे विकत घेतलं, भर घेणाऱ्यावर. 'बिनिली' म्हणजेही विकत घेतलं, पण भर वस्तूवर. इलोकानोतही हीच पद्धत आहे, त्यामुळे इथे कुणालाच सूट नाही.

काही रूपं तर जुळी आहेत. 'नागबासा' म्हणजे दोन्ही भाषांत 'वाचलं'. 'वाचतोय' म्हणायचं झालं की वाटा फुटतात: तागालोगमध्ये 'नागबाबासा', इलोकानोत 'अगबास्बासा'.

इलोकानो खरी अडवते ती सर्वनामांत. तागालोगमध्ये 'मी पाहिलं, तू पाहिलंस' हे 'नाकिता को, नाकिता मो' असं सुटं येतं. इलोकानोत तेच चिकटून 'नाकिताक, नाकिताम' होतं. 'मी तुला पाहिलं' हे अख्खं वाक्य 'नाकिताका' या एका शब्दात मावतं. नवख्याला शब्द कुठे संपला तेच कळत नाही. मात्र 'पाहिलंस'मधल्या 'स'वरून 'तू' ओळखणाऱ्या मराठी कानाला ही कल्पना परकी नाही.

मराठीचा फायदा आणखी एका ठिकाणी होतो. ऐकणाऱ्याला धरून 'तायो', वगळून 'कामी' हा भेद दोन्ही भाषांत आहे. इंग्रजी भाषक इथे हमखास गोंधळतो. आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' आहेतच. आदरासाठी तागालोगमध्ये वाक्यात 'पो' घालतात. इलोकानोत समोरच्या एकट्या माणसाशीही अनेकवचनात बोलतात, थेट आपल्या 'तुम्ही'सारखं. 'गुरो' म्हणजे शिक्षक आणि 'मुखा' म्हणजे चेहरा, हे तागालोग शब्द तर संस्कृतातूनच गेलेले.

मग इलोकानो अवघड का वाटते?

कारण पुस्तकाबाहेरचं आहे. तागालोग टीव्हीवर, सिनेमात, शाळेत सगळीकडे कानावर पडते. इलोकानोत १९३४ मध्ये सुरू झालेलं 'बन्नावाग'सारखं नियतकालिक आहे, ला युनियन प्रांताने २०१२ मध्ये तिला अधिकृत दर्जाही दिला. पण परक्यासाठी शिकण्याचं साहित्य तुटपुंजं. गूगल ट्रान्सलेटमध्ये ती आली थेट २०२२ मध्ये, आपल्या कोंकणीसोबतच्या तुकडीत. त्यात पहिल्या इयत्तांमध्ये मातृभाषेतून शिकवण्याची सक्ती फिलिपिन्सने २०२४ च्या कायद्याने काढून टाकली. मनिलाबाहेरच्या भाषांना हा फटकाच म्हणायचा. गंमत म्हणजे इलोकानो पद्धतशीर शिकायची तर एक चांगला पत्ता फिलिपिन्सबाहेर आहे: हवाई विद्यापीठ. १९०६ पासून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या इलोकानो मजुरांचे वंशज तिथे आहेत.

बागियोत तागालोगवरही काम भागतं. त्यामुळे सुरुवात तिच्यापासून केलेली बरी. उत्तरेत काही वर्षं काढायची असतील, तर पहिल्याच महिन्यात इलोकानोची निदान दवाखान्यापुरती वाक्यं पाठ करावीत. 'दुखतंय का?' हे तागालोगमध्ये 'मासाकित बा?', इलोकानोत 'नासाकित कादी?'