मोमोचा धंदा आणि आपली विचारपूस

वर्धा, हिंगणघाटात आता संध्याकाळी मोमोच्या गाडीपुढे पोट्ट्यांची गर्दी दिसते. मोमो तिबेटचा, चिनी डम्पलिंगचा भाऊ. मैद्याच्या पातळ पारीत सारण भरून, चुण्या घालून वाफेवर उकडायचे. मध्य आशियातले मुसलमान हीच वस्तू मटण-कांदा भरून 'मांती' म्हणून खातात. तेव्हा आपल्या दस्तरख्वानाला ती परकी नाही.

आम्हा कापडवाल्यांना मोमो ठाऊक झाला तो स्वेटरवाल्यांमुळे. १९७२ साली गोठणगावजवळ (तेव्हा भंडारा जिल्हा, १९९९ पासून गोंदिया) तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. हे लोक हिवाळ्यात लुधियानाचे लोकरी कपडे विकायला शहरांत बसतात.

गेल्या हिवाळ्यात नागपूरला दोघा व्यापारी बंधूंसह एका गर्दीच्या चिनी हॉटेलात गेलो. वेटर म्हणाला, "चिकन हलाल आहे, चाचा." पण त्याच कार्डावर डुकराच्या मांसाचे डम्पलिंगही होते. उकडायच्या करंड्या एकावर एक रचतात, वरच्या करंडीचा रस खालच्या करंडीत उतरतो. मग कोंबडी कुणी जबह केली एवढेच विचारून कसे भागेल? काही चिनी सारणांत दारूही घालतात. मालक भला, विचारल्याचा राग न धरता त्याने आम्हाला भाजीचे डम्पलिंग वेगळ्या भांड्यात उकडून दिले. चव उत्तम, लाल चटणी मात्र डोळ्यांत पाणी आणणारी. तरी आमचे म्हणणे असे की, जिथे ही विचारपूस करावीच लागणार नाही असे दुकान आपल्यापैकी कुणी का काढू नये? रमजानमध्ये समोशाची पट्टी लाटणाऱ्या हातांना पारी जड नाही.

तैवानमधील तैपेई शहरात यांग बिंगयी यांनी १९५८ साली खाद्यतेलाचे दुकान काढले, नाव दिन ताय फंग. १९७० च्या दशकात डबाबंद तेल आले आणि सुटे तेल विकेना. त्यांनी अर्ध्या दुकानात डम्पलिंग सुरू केले. पुढे तेल सुटले आणि त्या नावाची हॉटेले अनेक देशांत झाली. तिथे पारी ५ ग्रॅम, सारण १६ ग्रॅम, चुण्या १८, असे माप असते. यांग २०२३ साली वारले. त्यांचे मूळ सारण डुकराचे, ते आपल्या कामाचे नाही. वजनाची शिस्त घेण्यासारखी आहे.

हिंगणघाटच्या आमच्या एका कापडवाल्या मित्राची गिऱ्हाइकी रेडिमेड आणि मोबाइलवरच्या खरेदीने निम्मी झाली. मुलगा म्हणतो, ओट्यावर मोमो लावतो. बाप म्हणतो, तीन पिढ्यांची गादी, लोक काय म्हणतील? आमचे मत मुलाच्या बाजूने आहे. फक्त मधे पक्की भिंत घालावी आणि वाफेला बाहेर वाट द्यावी. साडीला एकदा लसणाचा वास बसला की ती घडी पुन्हा विकली जात नाही.