अंथरुणाला खिळलेल्या मुलांचें शिक्षण

तळेगांव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारांत मध्यंतरीं एका गृहस्थानें आमची वाट अडविली. बगलेंत कुबडी, वय पन्नाशीच्या घरांतलें. खिशांतून एक कागद काढून तो म्हणाला, "गुरुजी, एवढें वाचून सांगा." कागद बँकेचा होता, आम्हीं वाचून दाखविला. मग तो आपण होऊन म्हणाला, "मी तुमच्याच वर्गांत होतों, दुसरीपर्यंत." तेव्हां ओळख पटली. एका खेड्यांतील शाळेवर आम्ही नवीन असतां या मुलास पोलिओचा ताप आला, पाय गेले, आणि सतत गैरहजर म्हणून पटावरून त्याचें नांव कमी झालें. तें कमी करणारा हात आमचाच होता. त्याचें घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर; पण आम्ही एकदांहि तिकडे फिरकलों नाहीं.

आज असें करणें कायद्यास मान्य नाहीं. ६ ते १४ वर्षांच्या बालकांस मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याप्रमाणें प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत कोणाहि बालकास शाळेंतून काढतां येत नाहीं. २०१२ च्या दुरुस्तीनें आणखी एक पाऊल पुढें पडलें. ज्यांस एकाहून अधिक अपंगत्वें आहेत, किंवा ज्यांचें अपंगत्व तीव्र आहे, अशा बालकांस घरीं राहून शिक्षण घेण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क मिळाला.

यांतील 'पर्याय' हा शब्द वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. व्याकरणांत ज्यास विभाषा म्हणतात, तेथें दोन्ही रूपें शुद्ध असतात; एकानें दुसऱ्यास हांकलून द्यावयाचें नसतें. निवड बालकाची व त्याच्या आईबापांची आहे, मुख्याध्यापकाची नव्हे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत दहा वर्षांची मुलगी आहे. जन्मापासून मेंदूचा पक्षाघात. हात थरथरतात, बोलणें अस्पष्ट, पण समज उत्तम. दाखल्याच्या वेळीं तिच्या आईस मोठ्या मायेनें सांगण्यांत आलें, "बाई, कशाला तिला त्रास? घरींच बरी." मायेनें बंद केलेलें दारहि बंदच असतें. घरच्या वडील मंडळींसहि तें मनांतून बरेंच वाटलें, कारण मुलगी चारचौघांत दिसण्याचा प्रश्न मिटला. हें लिहिणें कटु आहे, परंतु आपल्या एकत्र कुटुंबांतून माजघराच्या अंधारांत वाढलेलीं अशीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत.

वस्तुतः घरीं शिकणाऱ्या मुलाचें नांवहि शाळेच्या पटावर असावयास हवें. २०१८ पासून चाललेल्या समग्र शिक्षा योजनेंत अशा मुलांसाठीं दर मुलामागें सालीना ३,५०० रुपयांची तरतूद ठरविलेली असून, मुलींस दरमहा २०० रुपयांप्रमाणें दहा महिने वेगळा भत्ता आहे. चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, ब्रेल किंवा मोठ्या टायपांतील पुस्तकें, शाळेंत नेऊन आणणाऱ्या सोबत्याचा खर्च, हें सारें त्यांत बसतें. तालुक्याच्या गट साधन केंद्राकडे विशेष शिक्षक नेमलेले असतात. ते घरीं येऊन शिकवितात. पण एकाकडे गांवें किती! ते येतात तो एक तास. बाकीचे तास घराचेच.

आणि घरीं शिकविणें आपल्या कुळांस नवें नाहीं. १८७३ सालीं लग्न होऊन आलेल्या रमाबाईंस न्यायमूर्ति रानड्यांनीं घरींच शिकविलें, तेंहि घरांतल्या बायकांचा रोष पत्करून. वर सांगितलेल्या मुलीस तिची आजी चिंचोक्यांवर बेरीज शिकविते. पेन्सिल धरवत नाहीं म्हणून पाटीवर दोन उत्तरें लिहावयाचीं आणि तिनें नजरेनें बरोबर तें दाखवावयाचें, ही युक्ति विशेष शिक्षिकेची. आजीची एकच तक्रार आहे: नात तिच्या चुका काढते! मात्र हा भार एकट्या आईवर पडूं नये. काका, आत्या, मोठीं भावंडें यांनीं वार वांटून घ्यावेत.

एक उणीव राहून जाते. मांडीचें हाड मोडून किंवा दीर्घ आजारानें चार-सहा महिने पडून राहिलेल्या मुलास या तरतुदीचा आधार स्पष्टपणें मिळत नाहीं, कारण तो कायद्याच्या अर्थानें अपंग नसतो. अमेरिकेंत १९७५ च्या कायद्यानें विशेष शिक्षणाच्या व्याख्येंत घरीं व रुग्णालयांत दिलेलें शिक्षणहि धरलें. शिवाय तेथील शाळामंडळें डॉक्टरांच्या दाखल्यावरून आजारी मुलाच्या घरीं शिक्षक पाठवितात. २०२० सालीं टाळेबंदींत आपल्याकडे सरसकट सर्वच मुलें घरीं बसलीं, तेव्हां शाळांनीं घरपोंच शिकविण्याचे नाना मार्ग शोधले. ते एका आजारी मुलासाठीं कां वापरूं नयेत, हें आम्हांस कळत नाहीं.

ज्यांच्या घरीं असें मूल असेल त्यांनीं प्रथम सरकारी रुग्णालयाकडून अपंगत्वाचें प्रमाणपत्र घ्यावें. तें चाळीस टक्के किंवा अधिक असल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें मोफत शिक्षणाची मुदत चौदाऐवजीं अठराव्या वर्षापर्यंत जाते. पुढें दहावीच्या परीक्षेस गरजेप्रमाणें लेखनिक व तासाला वीस मिनिटें जादा मिळतात. हे कागद घेऊन वरील मुलीचे वडील जूनमध्यें पुन्हां शाळेंत गेले. आतां तिचें नांव पटावर आहे. शनिवारीं सकाळीं चुलतभाऊ तिची खुर्ची ढकलीत वर्गांत नेतो, इतर दिवशीं ती आजीच्या चुका काढते.