डबक्यात काय बघायचं असतं?

गैरसमज : मुलांना परिसंस्था दाखवायची तर जंगलातच जायला हवं.

ताडोब्याला वाघ दिसेल न दिसेल, डबक्यात काहीतरी दिसतंच. पावसाळ्यात चार दिवस साचून राहिलेलं पाणी वाटीने काढून पांढऱ्या बशीत ओता. शेपटाकडची श्वासनळी पृष्ठभागाला लावून उलट्या लटकलेल्या डासांच्या अळ्या दिसतील. बेडूकमासे दिसतील. नशीब असेल तर चतुराची मातकट, सहा पायांची अळी सापडेल. तिचा खालचा ओठ हनुवटीखाली घडी घालून ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो झपकन पुढे येतो आणि शिकार आत. मुलं हे तासभर बघत बसतात. घाई मोठ्यांनाच असते.

गैरसमज : जमिनीवरचे जीव वेगळे, पाण्यातले वेगळे.

पाठ्यपुस्तकात सोयीसाठी दोन धडे असतात, चतुराला ते माहीत नसतं. ही अळी वाढली की गवताच्या काडीवर चढते, कात टाकते आणि उडून जाते. रिकामी कात काडीला तशीच चिकटून राहते, ती मुलांना जरूर शोधायला लावा. पावसाळ्याच्या शेवटी मैदानांवर थव्याने उडणारे पिवळसर चतुर तर पुढे मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिका गाठतात, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला निवटी बघा. आहे मासा, पण पुढच्या परांवर रेटा देत चिखलात चालते आणि अंग ओलं असेपर्यंत कातडीतून हवेतला ऑक्सिजन घेते.

गैरसमज : खाडी म्हणजे घाण.

खाडीचा तो कुबट वास बराचसा चिखलातल्या जिवाणूंचा असतो. तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, म्हणून तर तिवराची मुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर येऊन श्वास घेतात. शहराचं सांडपाणी त्यात भर घालतं हे खरं, पण तो दोष खाडीचा नव्हे. याच ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला.

गैरसमज : उघडा माळ म्हणजे पडीक जमीन, तिथे झाडं लावलीच पाहिजेत.

माळढोक, काळवीट, लांडगा यांना उघडं गवतच लागतं. शाळेचं वृक्षारोपण ठरवताना ती जागा असा माळ तर नाही ना, एवढं आधी तपासा.

गैरसमज : घरातले मासे तळ्यात सोडले की त्यांची सुटका होते.

बाहेरून आलेले मासे तिथे टिकले, तर बेडूकमासे आणि चतुराच्या अळ्या फस्त करतात. मग डासांवरचा पहारा सैल पडू शकतो. टाकी नकोशी झाली असेल तर मासे दुकानदाराला परत करा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या, तळ्यात मात्र सोडू नका.