माडावर चढणाऱ्या तायांनो, हूक आधी तपासा

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. नारळ काढणीचं काम घेणाऱ्या चौघी तायांनी खेळत्या भांडवलातून पट्टे आणि हूक घेतले होते. खर्चाच्या कागदावर माझीही सही होती. हूक दीडशेचा, हार्डवेअरच्या दुकानातला. एकीने तो हातात देत म्हटलं, "मॅडम, ह्याच्यावर काय लिव्हलंय बघा." मी बघितलं तर काहीच लिहिलेलं नव्हतं! मी एमएसडब्ल्यू केलंय, पण हूक कसा निवडायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून आधी स्वतः शिकले, आता तुम्हाला सांगते.

आपण ज्याला हूक म्हणतो त्याचं नाव कॅराबिनर. कमरेच्या पट्ट्याची कडी आणि माडाभोवतीचा दोर त्याने जोडलेला असतो. शिडीयंत्राचा पाय निसटला तर तुमचा सगळा भार ह्याच एका तुकड्यावर येतो. केरळात 2011 पासून नारळ विकास मंडळाने यंत्राने माडावर चढण्याचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात बायकाही शिकल्या. आता आपल्याकडेही पाडेली मिळेनासा झाला आणि हे काम तुमच्याकडे आलं. काम आलं तसं सामानही कामाचंच हवं.

चांगल्या हुकावर भार कोरलेला असतो. आकड्यापुढे इंग्रजी के आणि एन ही दोन अक्षरं असतात, म्हणजे किलोन्यूटन. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार. लांबीच्या दिशेने किमान 20 हवा, म्हणजे दोन हजार किलो. तुम्ही म्हणाल, माझं वजन पंचावन्न किलो, मला एवढा कशाला? दोर दोन-तीन फूट ढिला असताना पाय सुटला तर थांबताना बसणारा झटका वजनाच्या कितीतरी पट असतो. दळणाचा डबा हळू ठेवणं आणि वरून टाकणं, तसंच हे. म्हणून दोरही ढिला ठेवायचा नाही.

त्याच हुकावर अजून दोन लहान आकडे असतात, समजा 8 आणि 7. हूक आडवा फिरून भार बाजूने आला, किंवा तोंड उघडं राहिलं, तर तो एवढंच पेलतो. बघा, 20 वरून थेट 7! हूक तोच, फक्त नीट बसलेला नाही. चढण्याआधी तो सरळ आहे ना, खोडावर दाबला जात नाही ना, हे हाताने चाचपून बघा. उंचीवरच्या कामाच्या हुकावर ईएन 362 हा मानकाचा क्रमांक असतो, तोही शोधा. चावीला लावायचा रंगीत हूक दिसतो तसाच, पण तो माणसासाठी नाहीच.

आता लॉक. साधा खटक्याचा, लॉक नसलेला हूक घेऊच नका. आट्याचा हूक हाताने फिरवून बंद करावा लागतो. घाईत राहून जातो, आणि बंद केला तरी दोर आणि झाप घासून, यंत्राच्या हादऱ्यांनी आटे सैल होतात. मला विचाराल तर झाडावरच्या कामाला आपोआप लॉक होणारा, तीन हालचालींचा घ्यावा: नळी वर सरकवा, फिरवा, मग तोंड आत दाबा, तेव्हाच उघडतो. सोडला की आपणहून बंद. महाग पडतो, हे मान्य. पण गटाने एकदम घेतले तर दुकानदाराशी बोलता येतं. शिवाय घेताना बिल मागा.

खाऱ्या हवेत आणि तांबड्या मातीत हा लॉक अडकतो. कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवा, पुसून सावलीत वाळवा. रोज सकाळी पाच वेळा उघडून सोडा. एकदा जरी तोंड अर्ध्यात थांबलं, तर त्या दिवशी त्याच्यावर चढायचं नाही. चीर, वाक, खोल गंज किंवा दोराने पडलेली खाच नखाला लागली तर तो बाद. ठोकून सरळ करणं नाही, वेल्डिंग तर नाहीच. उंचावरून दगडावर पडलेला हूकही मी वापरू देणार नाही. नाव घालायचं तर रंगीत टेप लावा, छिन्नीने कोरू नका. आणि बाद हूक शेजारणीला गाय बांधायला देऊ नका, तो फिरून पट्ट्यात येतो. करवतीने कापून भंगारात टाका.

त्या चौघींचे दीडशेवाले हूक मी ठेवून घेतलेत. नवे येईपर्यंत काढणी बंद, दोन बागायतदार रागावलेत, त्यांच्याशी मी बोलते आहे. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपापला हूक घेऊन या, तिथेच आकडे वाचू.