घासाघीस करणारा भाडेकरू

आईचा अंगठा मशीन काही केल्या घेईना. जेवणाच्या टेबलावर एजंटचा लॅपटॉप, शेजारी काडेपेटीएवढं ते यंत्र, आणि समोर आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहायला येणारा तरुण. "काकू, जरा दाबून धरा. पुसून परत ठेवा." पन्नास वर्षं भांडी घासली, कपडे पिळले की बोटांवरच्या रेषा झिजतात. शेवटी मधलं बोट लागलं. तरुणाचा अंगठा पहिल्याच फटक्यात. दोघांचे फोटो निघाले, आणि ज्याला आम्ही जेमतेम दोनदा भेटलो होतो त्याला आयुष्यभराच्या बचतीचं घर द्यायचं पक्कं झालं.

मला या गोष्टीचं फार आश्चर्य वाटतं. वेळेवर भाडं देणार की नाही, मुदत संपल्यावर घर सोडणार की नाही, हे येणाऱ्याला ठाऊक असतं. घरमालकाला ते कुठूनही दिसत नाही. चेहऱ्यावर तर मुळीच नाही. मग निवड करायची कशावरून?

आमच्याकडे दोघेजण आले होते. आईने भाडं सांगितलं 20 हजार. पहिले गृहस्थ लगेच म्हणाले, "22 देतो, सहा महिन्यांचे रोख आत्ताच घ्या. फक्त रजिस्ट्रेशनच्या भानगडीत कशाला पडता, नोटरी करून टाकू." दुसरा हा तरुण. तो म्हणाला, "काकू, 18 ला जमेल का? पगारातून एवढंच बसतं." आईला पहिले आवडले. मोकळ्या हाताचा माणूस! मी मात्र दुसऱ्याच्या बाजूने हटून बसले.

त्याचं कारण मला अर्थशास्त्रातल्या एका देखण्या युक्तिवादात सापडलं होतं. 1981 मध्ये जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी कर्जबाजाराबद्दल एक निबंध लिहिला. बँकेने व्याजदर वाढवत नेला तर काय होतं? ज्याला कर्ज नीट फेडायचं आहे तो हिशेब करतो आणि उठून जातो. जो मोठी जोखीम घेणार, ज्याची फेडण्याची शाश्वती कमी, तो वाढीव दरालाही मान डोलावतो. म्हणजे दर चढवला की समोर उरणारी माणसंच बदलतात. बाजारात एकाकडे माहिती जास्त आणि दुसऱ्याकडे कमी असली की काय घडतं, याच्या अभ्यासासाठी स्टिग्लिट्झ यांना 2001 मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ आणि मायकेल स्पेन्स यांच्यासह नोबेल मिळालं.

हे घरभाड्याला लावून बघा. जो दर महिन्याला खरोखर पैसे मोजणार आहे, त्याला हजार रुपयेही टोचतात, म्हणून तो घासाघीस करतो. ज्याला पुढे द्यायचंच नाही, त्याला 20 काय आणि 22 काय! घासाघीस करणारे सगळेच भले असतात असं नाही, पण ती मला वाईट खूण वाटेनाशी झाली.

त्याहून बोलकी खूण म्हणजे करार नोंदवताना मशीनवर ठेवलेला तो अंगठा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर पुढच्या वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणारा सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कायद्याने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि घर अडवून बसणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. 19 हजार भाडं, 57 हजार डिपॉझिट आणि 11 महिने या हिशेबाने मुद्रांक शुल्क येतं सुमारे 540 रुपये. सरळ माणसाला हा अंगठा अगदी स्वस्तात पडतो. मुदतीनंतरही घर अडवून बसायचं ज्याच्या मनात आहे, त्याला तोच फार महाग. म्हणून "नोटरी करून टाकू" हे वाक्य माझ्या कानाला खटकलं.

आणि ते 11 महिने! नोंदणी कायदा 1908 चा. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्याने नोंदणी सक्तीची केली, म्हणून लोकांनी 11 महिन्यांची पळवाट काढली. आपल्याकडे आता 11 महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते. पळवाट बुजली, आकडा तसाच राहिला.

भाडेकरू घर सोडणारच नाही, ही आईच्या पिढीच्या मनातली भीती मात्र खरी आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिलं, तेव्हा घरमालक कागदावर भाडेकरू न लिहिता "लायसन्स" लिहू लागले, म्हणजे नुसती वापरायची परवानगी. मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर राहणारे लोक संरक्षित भाडेकरू मानले गेले. एका तारखेने कागदावरच्या शब्दाचा अर्थ फिरला. तो धसका घराघरांत उतरला. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत 1 कोटी 10 लाखांहून अधिक घरं रिकामी आढळली. त्यामागे कारणं अनेक, पण "बंद राहिलं तरी चालेल, भाडेकरू नको" हे वाक्य मी स्वतः किती घरांत ऐकलंय.

याच धसक्यापोटी माणसं भलत्या खुणा शोधतात: आडनाव, धर्म, ताटात काय असतं, लग्न झालंय का. महिन्याच्या पाच तारखेला भाडं येईल का, याबद्दल त्या काहीही सांगत नाहीत, आणि चांगल्या माणसाला दारातून परत पाठवतात. मला याचा मनापासून राग येतो. आम्ही एवढंच केलं: पगाराची स्लिप पाहिली, पोलिसांना माहिती कळवली, आणि फोन लावला तो त्याच्या आधीच्या घरमालकाला. सध्याच्या मालकाला नाही. त्रासदायक भाडेकरू जावा म्हणून सध्याचा मालक त्याची स्तुतीही करील. जुन्याला आता काही मिळवायचं नसतं.

19 हजारांवर ठरलं. किल्ली द्यायच्या दिवशी आई वहीत विजेच्या मीटरचं रीडिंग उतरवत होती आणि तो मोबाईलवर भिंती, नळ, खिडकीची तडकलेली काच यांचा व्हिडिओ काढत होता. आईला जरा विचित्रच वाटलं. तेव्हा तो संकोचून म्हणाला, "काकू, माझे 57 हजार तुमच्याकडे राहणार ना. म्हणून वॉचमनकडून तुमच्या जुन्या भाडेकरूंचा नंबर घेऊन मी फोन केला होता."

आईचं पेन थांबलं. "मग? काय म्हणाले ते?"

"डिपॉझिट पंधरा दिवसांत परत मिळालं म्हणाले. रंगाचे पैसे न कापता."