जुना ट्रॅक्टर घेताना तासांच्या आकड्याला किती महत्त्व द्यावे?

जुनी मोटारगाडी घेणारा गिऱ्हाईक ती किती किलोमीटर चालली आहे हे प्रथम विचारतो. जुना ट्रॅक्टर घेणारा शेतकरी त्याचप्रमाणे ‘तास किती झाले?’ असे विचारतो. प्रश्न रास्त आहे. परंतु केवळ त्या एका आकड्यावर सौदा ठरविणे धोक्याचे असते. नव्या ट्रॅक्टरची किंमत कित्येक लाखांच्या घरात असल्यामुळे लहान व मध्यम शेतकरी जुन्या ट्रॅक्टरकडे वळतो आणि त्यासाठी बहुधा साठविलेली पुंजी मोडतो किंवा कर्ज काढतो. असा ट्रॅक्टर ऐन मृगात बंद पडला तर दुरुस्तीचा खर्च अंगावर येतोच, शिवाय पेरणीचा वापसाही निघून जातो. दुरुस्तीचा पैसा पुढे भरून काढता येतो. हुकलेली पेरणी भरून काढता येत नाही. म्हणून हा आकडा काय सांगतो व काय सांगत नाही, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

तासमापक काय मोजतो?

ट्रॅक्टर शेतात सावकाश चालतो आणि मळणीयंत्र चालविताना तर तो जागचा हलतही नाही. यामुळे त्याचे काम अंतरावरून न मोजता इंजिन चाललेल्या तासांवरून मोजतात. जुन्या बनावटीच्या यांत्रिक मापकाला इंजिनाकडून केबलीने गती मिळते. इंजिन ठरलेल्या वेगाने फिरत असेल तरच मापकाचा एक तास घड्याळाच्या एका तासाबरोबर असतो. इंजिन संथ चालल्यास आकडा घड्याळाच्या मागे राहतो. केबल तुटली की मापक थांबतो, पण ट्रॅक्टर चालतच राहतो. नवा मापक बसविल्यास मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तेव्हा कमी आकडा म्हणजे कमी काम, असे खात्रीने म्हणता येत नाही.

आकडा पडताळून पाहण्याची सोपी रीत म्हणजे तासांना वर्षांनी भागणे. १० वर्षांच्या ट्रॅक्टरवर ३,००० तास असतील, तर वर्षाला ३०० तास काम झाले. घरच्या शेतीपुरत्या वापराशी हे जुळते. ६ वर्षांत ६,००० तास झाले असतील, तर ट्रॅक्टर भाड्याने किंवा वाहतुकीवर चालला असण्याचा संभव आहे. मात्र १२ वर्षांच्या ट्रॅक्टरवर अवघे १,२०० तास दिसत असून क्लच व ब्रेकच्या पायट्या गुळगुळीत झालेल्या, स्टिअरिंगचे चाक झिजलेले आणि ओढदांड्याची भोके रुंदावलेली असतील, तर मापकापेक्षा या खुणांवर विश्वास ठेवावा.

काम कोणते झाले?

सर्व तास सारखे नसतात. सपाट जमिनीवर पेरणी व कोळपणी करणाऱ्या ट्रॅक्टरचे ४,००० तास आणि कोल्हापूर, सांगली किंवा सोलापूर भागात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे ४,००० तास यांत फार अंतर आहे. जादा भाराने क्लच, ब्रेक, गिअरपेटी व मागील आस यांच्यावर ताण पडतो. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे भाताच्या चिखलणीत वापरलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचे तुंबे व ब्रेक यांत सील निकामी झाल्यास पाणी व चिखल शिरतो. या झिजेची नोंद मापकात होत नाही.

निगेचेही असेच आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांत इंजिनाचे तेल सुमारे २५० तासांनी बदलावे लागते; नेमके अंतर त्या त्या पुस्तिकेत दिलेले असते. तेल व गाळण्या वेळेवर बदललेल्या ६,००० तासांच्या ट्रॅक्टरचे इंजिन, धुळीने भरलेली हवा-गाळणी घेऊन ३,००० तास चाललेल्या इंजिनापेक्षा सुस्थितीत असू शकते. म्हणून विक्रेत्याकडे सर्व्हिसची पुस्तिका व दुरुस्तीची बिले मागावीत.

पाहणी कशी करावी?

पाहणीला जाताना माहितगार मिस्त्री बरोबर न्यावा आणि इंजिन थंड ठेवण्यास विक्रेत्यास आधीच सांगावे. इंजिन अगोदरच तापवून ठेवले असेल तर थंडीत सुरू होण्याची अडचण लपून राहते. इंजिन चालू करण्यापूर्वी तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. रेडिएटरमधील पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय तेही पाहावे. मात्र तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिल्यास तेल जळत आहे. ब्रीदरच्या नळीतून जोराने वाफारा येत असल्यास रिंगा व लायनर झिजल्याचा संशय घ्यावा. भार पडताच दाट काळा धूर येत असल्यास हवा-गाळणी किंवा इंजेक्टर तपासावे. त्यानंतर नांगर जोडून प्रत्यक्ष शेतात तास काढून पाहावेत. इंजिनाचा आवाज वाढूनही ट्रॅक्टर पुढे रेटत नसेल, तर क्लच घसरत आहे. अवजार उचलून इंजिन बंद करावे. ते झपाट्याने खाली येत असल्यास हायड्रॉलिकमध्ये दोष आहे. या वेळी अवजाराखाली कोणीही जाऊ नये. टायरच्या बाजूवरील चार अंकी खुणेत पहिले दोन अंक आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे असतात. नक्षी शाबूत असली तरी भेगाळलेला जुना टायर लवकरच बदलावा लागतो.

किंमत कशी ठरवावी?

समजा, ३,००० तासांचा एक ट्रॅक्टर ३,५०,००० रुपयांस आणि ६,५०० तासांचा दुसरा २,८०,००० रुपयांस मिळत आहे. पहिल्याचे मागील टायर, क्लच व ब्रेक यांवर ९०,००० रुपये खर्च येणार असेल, तर त्याची खरी किंमत ४,४०,००० रुपये होते. दुसऱ्याचे इंजिनकाम नुकतेच झाल्याची बिले असून आणखी ३०,००० रुपयेच लागणार असतील, तर तो ३,१०,००० रुपयांस पडतो. मागितलेली किंमत व ताबडतोब करावयाची दुरुस्ती यांची बेरीज, हीच खरी किंमत होय.

याबरोबरच घेणाराने आपली गरजही मोजावी. खर्चाच्या हिशेबात ट्रॅक्टरचे आयुष्य साधारणतः १०,००० तास धरण्याचा प्रघात आहे. ७,००० तास झालेल्या ट्रॅक्टरचे उरलेले ३,००० तास वर्षाला २५० तास वापरणाऱ्यास १२ वर्षे पुरतील. भाड्याने १,००० तास चालविणाऱ्यास ते ३ वर्षांतच संपतील. अर्थात अधिक तासांचा, परंतु निगा राखलेला ट्रॅक्टर लहान शेतकऱ्यास परवडतो. भाड्याचा धंदा करणाऱ्याने तो टाळणे बरे.

कागदपत्रांची दक्षता

इसार देण्यापूर्वी इंजिन व चासीवरील क्रमांक नोंदणी-पुस्तकाशी ताडून पाहावेत. बँकेचा बोजा असल्यास तो फिटल्याचा दाखला व नमुना ३५ घ्यावा. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात. एकाच राज्यातील व्यवहारात विकणाराने १४ दिवसांच्या आत व घेणाराने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळविणे कायद्याने आवश्यक आहे. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, हेही विसरू नये.

सारांश, तासांचा आकडा हा चौकशीचा आरंभ आहे, शेवट नव्हे. बैल घेताना जाणता शेतकरी त्याचे दात पाहतोच, पण त्याला जुवाखाली चालवून पाहिल्याखेरीज पैसे मोजत नाही. ट्रॅक्टर घेतानाही हीच दक्षता बाळगल्यास कष्टाचा पैसा सत्कारणी लागेल.