ब्रॉयलर पिलांचा पहिला घांस

आपल्याकडील पुष्कळ कुक्कुटपालकांची अशी समजूत आहे कीं, नुकतेंच अंड्यांतून निघालेलें पिलूं दोन दिवस उपाशी राहिलें तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. निसर्गानें त्याच्या पोटांत शिदोरी बांधूनच दिलेली असते. ही समजूत अगदींच निराधार नव्हे. २१ दिवसांची उबवण संपत आली म्हणजे शिल्लक राहिलेला पिवळा बलक पिलाच्या पोटांत ओढला जातो, आणि कवच फोडून बाहेर पडलेल्या ४०-४२ ग्रॅमच्या पिलांत पांचसहा ग्रॅम हा बलकच असतो. खुडूक कोंबडीखालचीं सर्व अंडीं एकाच वेळीं फुटत नाहींत. मागून येणाऱ्या भावंडांची वाट पाहतां यावी एवढ्यासाठीं ही तजवीज. तिच्याच जोरावर अमेरिकेंत १९१८ पासून एक दिवसाचीं पिलें टपालानें धाडूं लागले.

परंतु जगणें निराळें आणि वाढणें निराळें. कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठानें जुने वाण राखून ठेविले आहेत. तेथें १९५७ व १९७८ सालचे वाण आणि २००५ सालचा ब्रॉयलर यांस एकाच प्रकारचें खाद्य घालून वाढविलें, तेव्हां ५६ व्या दिवशीं त्यांचीं वजनें अनुक्रमें ९०५, १८०८ व ४२०२ ग्रॅम भरलीं. आज दोन किलोंचा पक्षी ३५ दिवसांच्या आंतबाहेर विक्रीस निघतो; म्हणजे पहिला आठवडा हा त्याच्या आयुष्याचा पांचवा हिस्सा झाला. जुन्या कोंबडीला दोन दिवसांचा उपास भरून काढण्यास महिने होते. याला ते नाहींत.

उपासानें नेमकें काय होतें तें पाहूं. पहिल्या आठवड्यांत पिलाचें लहान आंतडें बाकीच्या शरीरापेक्षां पुष्कळ अधिक वेगानें वाढतें. पण या वाढीला जोर येण्यास आंत अन्न यावें लागतें. इस्रायलमधील हिब्रू विद्यापीठाचे याएल नॉय व डेव्हिड स्क्लान यांच्या प्रयोगांत एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. उपाशी पिलें बलक लवकर संपवितील असें आपणांस वाटतें. प्रत्यक्षांत खाऊं घातलेल्या पिलांचा बलक अगोदर संपला. आंतड्यांत अन्न हलूं लागलें म्हणजे बलकहि त्यांत उतरूं लागतो. दुसरी गोष्ट मांसाची. छातीच्या मांसांतील तंतूंची संख्या पिलूं जन्मतांना जवळजवळ ठरलेली असते. पुढें ते तंतू जाड होतात इतकेंच, आणि त्यांस जाड करणाऱ्या पेशी जन्मानंतरच्या पहिल्या थोड्या दिवसांतच झपाट्यानें वाढतात. त्या दिवसांत उपास घडला तर छातींत मांस कमी भरतें. शिवाय बलकांत आईकडून आलेलीं रोगप्रतिकारक द्रव्यें असतात; तीं सरपणासारखीं जाळणें हा तोट्याचा व्यवहार होय.

आतां तास कोठें जातात याचा हिशेब करूं. उबवणीच्या यंत्रांत पहिलें पिलूं व शेवटचें पिलूं यांच्या जन्मांत २४ ते ३६ तासांचें अंतर पडतें. मग निवड, लसटोचणी, पेट्या भरणें व प्रवास. शेडमध्यें पोंचेपर्यंत कांहीं पिलें दीड-दोन दिवसांचीं उपाशी असतात. (नेदर्लंड्समध्यें यावर तोड म्हणून कांहीं शेतकरी १८ दिवस उबविलेलीं अंडींच शेडमध्यें आणून तेथें फुटूं देतात.) येथपर्यंतचें आपल्या हातीं नाहीं. पण गाडी दारांत उभी राहिल्यापासूनचा वेळ आपला आहे, आणि तेथेंच आपण चुकतों. रात्रभर नुसतें गुळाचें पाणी, मग दिवसभर मक्याचा भरडा, आणि त्यानंतर खाद्य, असा क्रम आम्हींहि पूर्वीं पाळीत होतों. गुळाच्या पाण्याला हरकत नाहीं. पण तें खाद्याच्या जागीं देणें चूक. मक्यांत प्रथिनें शेंकडा ८-९, तर पिलांच्या पहिल्या खाद्यांत तीं शेंकडा २२-२३ लागतात. यांत काटकसर म्हणावी तर तीहि नाहीं. पिलूं पहिल्या आठवड्यांत दीडशें ग्रॅमच्या आसपास खातें, आणि विक्रीपर्यंत तीन किलोंच्या वर!

पिलें येण्यापूर्वीं भाताच्या तुसाचा थर ३० अंश सेल्सियसच्या सुमारास तापलेला असावा. पिलाचे पाय आपल्या गालाला लावून पाहावे; गार लागले तर खालचा थर गार आहे असें समजावें. पहिले कांहीं दिवस पिलास स्वतःची ऊब राखतां येत नाहीं, आणि गारठलेलें पिलूं खाद्य समोर असूनहि खात नाहीं, घोळक्यांत गोळा होऊन बसतें. ब्रूडरभोंवतीं कागद अंथरून त्यावर बारीक चुरीचें खाद्य पसरावें व पाणी त्याच वेळीं शेजारीं ठेवावें. उन्हाळ्यांत नळींतील तापलेलें पाणी आधीं सोडून द्यावें.

मग हातानें परीक्षा करावी. शेडमधील निरनिराळ्या जागचीं शंभर पिलें घेऊन गळ्याखालील अन्नाची पिशवी दोन बोटांत हलकेच चांचपावी. मऊ, पेजेसारखी भरलेली लागली तर पिलूं खाऊनपिऊन आहे; टणक लागली तर खाल्लें, पण पाणी मिळालें नाहीं; पाण्याच्या फुग्यासारखी लागली तर नुसतें पाणीच मिळालें. दोन तासांनीं शंभरांत ७५ आणि २४ तासांनीं ९५ पिलांची पिशवी भरलेली सांपडावी.

महाराष्ट्रांत कंपनीशीं करार करून पक्षी वाढविणाऱ्यास मोबदला वजनाच्या व खाद्याच्या हिशेबावर मिळतो. ३५ व्या दिवशीं पक्षी हलका भरला म्हणजे तो खाद्याला दोष देतो व कंपनी त्याला. म्हणून पेट्या किती वाजतां आल्या, पहिलें खाद्य केव्हां पडलें, २४ तासांनीं किती पिशव्या भरल्या, हें वहींत टिपून ठेवावें. सातव्या दिवशीं सरासरी वजन पहिल्या दिवसाच्या चौपट ते साडेचौपट, म्हणजे ४२ ग्रॅमच्या पिलाचें १७० ते १९० ग्रॅम, भरलें पाहिजे. कमी भरल्यास वहींतील पहिल्या रात्रीचें पान उघडून पाहावें.